हाताचे शिक्षण आणि डोंगरावरची शाळा



मांजरसुंबा बहुतेकांना परिचित आहे ते बीड, सोलापूर, पाटोदा आणि केज या चारही दिशांचे रस्ते जोडणारी चौफुली म्हणून; भाविकांना जवळच्या कपिलधारमुळे. या रस्त्यांपासून आत, बालाघाटाच्या कुशीतील वाड्यावस्त्यांवर ज्या लहान शाळा भरतात, त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या शाळांतील मुलांच्या हाताला काम आहे, पण कला नाही. कला मुळात नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी चिखलाचे बैल घडविणारे मूल मातीचा ओलावा बोटांनीच ओळखते. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या आजीला रंगसंगती कोणी शिकविलेली नसते. शाळेच्या उंबरठ्यावर हे सारे ज्ञान चपलांसारखे बाहेर काढून ठेवावे लागते, हे दुर्दैव होय.

आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी शिकविलेली असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे सांगितली आहेत. तेथे लेखणी आणि शिल्प एकाच पंक्तीत आहेत. ती पंक्ती मोडली ती पुढे.

ती पुन्हा जुळविण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने आखलेल्या वेळापत्रकात मूलोद्योगासाठी रोज 3 तास 20 मिनिटे राखून ठेवण्यात आली होती. सेवाग्रामला 1944 पासून कलाशिक्षक म्हणून राहिलेले, शांतिनिकेतनात घडलेले देवीप्रसाद यांनी या उद्योगाला कलेची जोड दिली. तिकडे ठाणे जिल्ह्यात (आजच्या पालघरमध्ये) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर परिसरातील साध्या वस्तूंनाच शैक्षणिक साधने बनविले. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 पासून ग्रामीण मुलांच्या हाती करवत आणि वेल्डिंगचे यंत्र दिले.

मग हे सर्वत्र का पसरले नाही? पालकांची शंका हे एक कारण, आणि ती शंका खोटी नव्हती. कोयता सुटावा म्हणून मुलाला शाळेत घालावे आणि तेथेही त्याच्या हाती अवजारच द्यावे, हे कोणत्या बापाला रुचेल? विशेषतः ज्याच्या त्याच्या जातीचा धंदाच त्याच्या मुलाला शिकविला गेला, तर तो अन्यायच. म्हणून बुरुडाच्या मुलाने शाळेत चित्र काढावे आणि व्यापाऱ्याच्या मुलाने बांबूची टोपली विणावी.

दुसरे कारण कायद्यातच दडलेले आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार कला आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळण्याची तरतूद आहे ती सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील तेथेच. डोंगरावरील वस्तीशाळेचा एकूण पटच एवढा नसतो. जेथे गरज अधिक, तेथेच शिक्षक नाही!

दानशूर व्यक्ती अशा शाळांना रंगपेट्या देतात, छायाचित्रही निघते. त्या दानाचे मोल कमी नाही, परंतु रंगपेटी पंधरवड्यात संपते. गेरू, चुना, काजळी, पळसाची पाने, बांधावरच्या घायपाताचा वाक ही सामग्री फुकट आहे. कमतरता आहे ती दर आठवड्याला न चुकता येणाऱ्या माणसाची. बसभाडे आणि अल्प मानधन मिळाले, तर गावातलाच कुंभार, बुरूड किंवा वाकळ शिवणारी आजी हे काम आनंदाने करील. शासकीय रेखाकला परीक्षांना बसू इच्छिणाऱ्या मोठ्या मुलांसाठी मात्र प्रशिक्षित चित्रकला शिक्षकच हवा.

वेळेचा हिशेबही या भागाचाच असला पाहिजे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि अनेक मुलांची शाळा तुटते. म्हणजे हाती राहतात जून ते ऑक्टोबर हे पाच महिने. आषाढात माती भिजलेली असते, श्रावण अमावास्येला पोळा असतो. आरंभ तेथूनच करावा: पहिल्या तासाला बैल, आणि तो घडविताना मुलांनीच शिक्षकांना शिकवावे.