नाव आपलं, बोली दुसऱ्याची



काल रात्री जेवणं झाल्यावर आपल्याच एका मित्रानं मोबाइल माझ्यापुढे धरला. त्याचं वडिलांच्या वेळचं कृषी केंद्र तुम्हाला ठाऊक आहे. गूगलवर त्या दुकानाचं नाव टाकलं, तर सर्वांत वर जाहिरात आली दुसऱ्याच कृषी केंद्राची. "तू वकील ना बे, मग हे चालते कसं?" रात्री नीट सांगता आलं नाही, म्हणून आज ठरलेला विषय सोडून हेच बोलतो.

बाजार समितीत कापसाचा हर्रास होतो, तसा गूगलवर शब्दांचा होतो. तुमच्या दुकानाचं नाव हाही तिथे एक शब्दच. त्यावर दुसराही बोली लावू शकतो.

लग्न जुळवणाऱ्या कंपन्या यावरून आधीच भांडल्या आहेत. भारतमॅट्रिमनीवाले गूगल, शादी डॉट कॉम आणि इतरांविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात गेले. २०१० साली न्यायालयानं अंतरिम मनाई नाकारली; त्यांचे शब्द सर्वसाधारण वापरातले, हे एक मोठं कारण. गंमत म्हणजे २०१४ मध्ये तीच शादी डॉट कॉम मुंबई उच्च न्यायालयात वादी होती. कोणीतरी तिचं नाव आपल्या संकेतस्थळाच्या आत दडवून गिऱ्हाईक वळवत होतं. तिथे मनाई मिळाली.

सर्वांत कामाचा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा, १० ऑगस्ट २०२३चा, अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स या नावाबद्दलचा. दुसऱ्याच्या नावावर बोली लावली एवढ्यानंच ट्रेडमार्कचा भंग होत नाही. गिऱ्हाइकाचा गोंधळ होत असेल तर होतो, आणि मग गूगललाही हात झटकता येत नाहीत. त्याच डिसेंबरात मेकमायट्रिप या कसोटीवर हरली. बुकिंग डॉट कॉम स्वतःच इतकं प्रसिद्ध, की कोणी फसणार नाही.

मोठ्या कंपन्यांपुरतं हे मला पटतं. पण मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी धावपळ करणारा शेतकरी वर दिसला तो नंबर लावतो. दोन कृषी केंद्रांतला फरक त्याला मोबाइलवर कुठून कळणार?

तर मित्रा, 'कृषी केंद्र' या शब्दांवर तुला हक्क सांगता येणार नाही. पाटीवर त्याच्या आधी वडिलांनी जे नाव लिहिलं, ते तुझं. नोंदणी नसली तरी दावा करता येतो, जिल्हा न्यायालयात, म्हणजे इथेच यवतमाळला. त्यासाठी जुनी बिलं, पाटीचे फोटो शोध. नोंदणीचा अर्जही करून टाक. एका व्यक्तीला मालाच्या एका वर्गासाठी ऑनलाइन ४,५०० रुपये शुल्क आहे, आणि नोंदणी दहा वर्षं चालते.

त्या जाहिरातीचे तारखेसह स्क्रीनशॉटही ठेव. काल चौघांनी "जाऊ दे त्याचे पैसे" म्हणत तिच्यावर बोटं दाबली, ते मात्र आता पुरे.