देवराई राखताना
(शताब्दी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गावची देवराई राखणारी मंडळी. आमच्यातले निम्मे याच दिंडीत चालतात, म्हणून बाहेरचं कुणी येऊन शिकवतंय असं समजू नका.

पालखीमार्ग रुंद झाला, जुने वड गेले. दुपारचा विसावा घ्यायला सावली शोधत पुढं पुढं जावं लागतं, हे सगळ्यांनी सोसलंय. रस्त्याचं आपल्या हातात नव्हतं. देवराईचं आहे.

देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. सातबाऱ्यावर कुठं देवाचं नाव असतं, कुठं सरकारचं. राखतं मात्र गावच. वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही, हा जुना दंडक. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा शिकलेल्या लोकांचं लक्ष तिकडं गेलं. आपल्या म्हाताऱ्यांना ते माहीतच होतं. तरी आपल्याच राईची ओढ्याकडची बाजू आपल्याच डोळ्यांदेखत उघडी पडली. कुणी तोडली ते आता उकरत नाही.

ती उघडी बाजू पुन्हा भरायला घेतली, त्यात आम्ही दोनदा चुकलो. आधी फुकट मिळाली म्हणून गिरिपुष्पाची रोपं लावली. भराभर वाढली, फोटोही काढले. पण ते झाड परमुलखातलं, मध्य अमेरिकेकडचं. त्याला नुसत्या वाळक्या शेंगा. पाखरानं खावं असं फळ नाही. पाखरू बसलं नाही तर दुसऱ्या झाडाचं बी पडणार कुठून? मग ठरवलं, राईत जे आहे त्याचंच बी घ्यायचं. जांभूळ, बेहडा, हिरडा, उंबर, करंज. जांभळाचं बी पोत्यात भरून ठेवलं आणि आम्ही वारीला गेलो. आषाढी करून परत आलो, बी टोकलं, जवळजवळ काहीच उगवलं नाही. एका आजीनं ऐकून कपाळाला हात लावला. जांभळाचं बी ओलं असतानाच टोकायचं, दोन-तीन आठवडे ठेवलं की ते मरतं. पेरणी आणि वारी एकाच वेळी येते, त्याला आपला इलाज नाही. म्हणून आता वारीला न जाणारी माणसं आणि शाळेची पोरं ते काम करतात.

पोरांचं सांगायला हवं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गुरुजी त्यांना राईत आणतात. आजी झाडांची नावं सांगते, पोरं वहीत लिहितात. गारंबीची हातभर लांब शेंग पाहिली की पहिली मारामारी त्यावरूनच! एका पोरानं विचारलं, धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून का घेते? आम्हाला सांगता येईना, तेव्हा गुरुजींनी सांगितलं. ढोलीचं तोंड ती लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि पिल्लं वाढेपर्यंत नर बाहेरून उंबर-वडाची फळं भरवतो. म्हणजे ढोलीचं जुनं झाड पडलं तर त्या पाखराचं घरच गेलं. लावलेल्या रोपाला ढोल पडायला आपला जन्म पुरत नाही.

आता अवघड बोलतो, राग मानू नका.

शताब्दीच्या वर्गणीतून देवळापुढं सिमेंटचा सभामंडप आणि भोवती फरशी घालायचं चाललंय. पावसात आयाबाया आरतीला भिजतात, हे खरं आहे. आमच्याही आया त्यात आहेत. पण आखलेल्या जागेत दोन बेहडे येतात, आणि त्यातल्या एकाला ढोल आहे. फरशी झाली की पाचोळा झाडून काढणार. त्याच पाचोळ्यात पाणी मुरतं आणि बी रुजतं. गावोगावच्या देवराया अशाच जीर्णोद्धारात आक्रसल्या आहेत, आणि करणारे सगळे भाविकच होते.

आमचं म्हणणं एवढंच, की मंडप राईच्या तोंडाशी, चावडीच्या बाजूला मोकळी जागा आहे तिथं करा. पत्र्याचा केला तरी चालेल, आम्ही अंगमेहनत देऊ. काही जण म्हणतात, देवापासून चाळीस पावलं लांब पडेल. पंढरपूरपर्यंत चालणाऱ्यांनी चाळीस पावलं मोजावीत का, हा आमचा प्रश्न आहे.

एकादशीच्या बैठकीत निर्णय होणार आहे. त्याआधी कुणीही सकाळी राईत या, दोन्ही बेहडे दाखवतो. आणि एक विनंती, देवळातली घमेली या आठवड्यात मांडववाल्याला देऊ नका. जांभळं पडायला लागलीत, शनिवारी पोरं येणार आहेत.

रामकृष्ण हरी.