याकोबाचें कपट



ज्युबिलीच्या मंगल दिवशीं कपटाविषयीं बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु एक प्रश्न मजकडे वारंवार येतो: ज्या याकोबानें आपल्या आंधळ्या बापास फसविलें, त्यासच आशीर्वाद कसा लाभला? परमेश्वरास लबाडी मान्य होती काय?

उत्पत्तीच्या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय सावकाश वाचावा. रिबका करडांचीं कातडीं मुलाच्या हातांवर व मानेवर चढविते, थोरल्याचीं वस्त्रें त्याच्या अंगावर घालते. आवाज एकाचा नि हात दुसऱ्याचे, असा इसहाकास संशय येतो. तरी मुलगा आपण एसाव असल्याचें दोनदां सांगतो. मध्येंच म्हातारा विचारतो, शिकार इतक्या लवकर कशी सांपडली? ती देवानें मिळवून दिली, असें तो उत्तर देतो. माझ्या मतें साऱ्या प्रकरणांत हेंच उत्तर सर्वांत भयंकर. आपली लबाडी त्यानें देवाच्या नांवावर खपविली!

शास्त्र तेथें निषेधाचा एक शब्दहि काढीत नाहीं. तें नुसती पुढची हकीकत सांगतें. थोड्या दिवसांकरितां म्हणून आईनें मामाकडे धाडलेला हा मुलगा वीस वर्षें परमुलखांत राहिला, आणि मायलेकांची पुन्हा भेट झाल्याचा उल्लेख कोठेंच नाहीं. लाबानानें रात्रीच्या अंधारांत राहेलीऐवजीं लेआ त्याच्या गळ्यांत बांधली. पुढें त्याच्याच मुलांनीं योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तांत बुडवून त्याच्यापुढें आणला. पूर्वीं करडांचीं कातडीं नि भावाचीं वस्त्रें. आतां बकऱ्याचें रक्त नि भावाचा झगा. बापाला फसविण्याचीं साधनें जवळजवळ तींच!

मग फारोपासून बालकें वांचविणाऱ्या इब्री सुइणींचें काय? त्या खोटें बोलल्या, तरी देवानें त्यांचें कल्याण केलें. संत थॉमस म्हणतात, तें फळ त्यांच्या देवभीतीचें, असत्याचें नव्हे. संत ऑगस्टिनांनीं तर सुमारें ३९५ व ४२० सालीं असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहून, प्राण वांचविण्यासाठींहि तें वर्ज्य ठरविलें. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथांत प्रथम असत्याची व्याख्या, सत्य जाणण्याचा ज्यास हक्क आहे त्यास फसविणें, अशी होती; १९९७ च्या अधिकृत लॅटिन आवृत्तींत ही हक्काची अट गाळण्यांत आली. तें वाचून मी दचकलों, कारण त्या अटीच्या आडोशाला मी स्वतः पुष्कळ दिवस बसलों होतों.

माझे वडील उतारवयांत आंधळे झाले. परगांवच्या भावाचीं पत्रें मी त्यांस वाचून दाखवीत असें, आणि त्याच्या दुखण्याचा मजकूर गाळीत असें. हेतु दयेचाच होता. एके दिवशीं त्यांनीं पत्र हातांत मागून घेतलें, कागद बोटांनीं चांचपून मोजले, आणि म्हणाले, "पोरा, कागद चार आहेत, वाचलास तूं एकच."

तें पत्र मीं पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलें. ते मध्यें कांहींच बोलले नाहींत. संपल्यावर त्यांनीं आपली जपमाळ मागितली, आणि मला जवळ बसावयास सांगितलें.