न पाहिलेल्या सापाविषयी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात, तिकडचे काहीतरी सांगा." मी म्हटले, मी सातवी शिकलेली बाई, मी भाषण कसले करणार? त्यावर त्या म्हणाल्या, "ओट्यावर बसून सांगता तसेच सांगा." तेव्हा तसेच सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

तिकडच्या मोठाल्या इमारती आणि बाजार यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. मी आज एका सापाविषयी बोलणार आहे. घाबरू नका. तो विषारी नाही, आणि खरे सांगायचे तर मी त्याला पाहिलेलाही नाही.

मी गेले होते धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला, २०२४ च्या जानेवारीत. आमची आई गेली तेव्हा ही अडीच वर्षांची होती. माझी शाळा त्यामुळेच सुटली. पुढे ही शिकली, नर्स झाली, आणि आता लुइझियाना नावाच्या प्रांतात पाइनव्हिल म्हणून गाव आहे तिथे असते. नदीच्या पलीकडे अलेक्झांड्रिया हे जरा मोठे शहर. आईविना पोरीचे बाळंतपण करायला बहिणीने जायचे नाही तर कोणी? म्हणून गेले. डिंकाचे लाडू विमानतळावर काढून घेतील या भीतीने सारा वेळ जीव टांगणीला होता. पण ते सुखरूप पोहोचले.

मार्च महिन्यात बाळाला घेऊन आम्ही गाडीतून जरा हवा खायला निघालो. गावाबाहेर पडलो की किसाची नावाचे सरकारी राखीव जंगल लागते. बघते तो झाडांतून धूर! आणि खाली गवतात आगीची रांग पुढे पुढे सरकते आहे. मी ओरडलेच, "अहो, वणवा लागलाय, गाडी फिरवा!" मेहुणे हसायला लागले. म्हणाले, "ताई, ती आग सरकारनेच लावली आहे."

मला ते काही केल्या पटेना. आपल्याकडे डोंगराला वणवा लागला की चार गावची माणसे झोडपे घेऊन धावतात, आणि इथे सरकारी माणसे चोचीच्या डब्यातून पेटते तेल थेंब थेंब सांडत चालली आहेत! शेवटी घरी आल्यावर शेजारच्या आजींकडे विषय काढला. ह्या आजी ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्या यजमानांनी सारी उमर जंगलखात्यात काढली होती. रोज चार वाजता त्या बाळाला बघायला येत. त्या बोलत, बहीण मला मराठीत सांगे, आणि मी विचारलेले त्यांना इंग्रजीत सांगे. मी आज जे सांगते आहे त्यातले बरेचसे त्या व्हरांड्यातले आहे.

त्या भागात पूर्वी लांब पानांच्या पाइनची बने होती. हिमालयात चीड होतो, त्याच्याच भाऊबंदांतले हे झाड. याची पाने म्हणजे सुया, वीतभराहून लांब, काही तर हातभर. पण बन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दाट झाडी येते, तसे हे नाही. झाडे दूर दूर, मधून ऊन थेट जमिनीवर पडते, आणि खाली गुडघ्याएवढे गवत व नाना तऱ्हेची रानफुले. अर्धे वन, अर्धे माळरान म्हणा. अमेरिकेच्या दक्षिण भागात अशी बने नऊ कोटी एकरांवर पसरलेली होती म्हणतात. तोडता तोडता ती तीस लाख एकरांच्या आसपास उरली. रुपयातले साडेतीन पैसेसुद्धा नाहीत. आता लोक पुन्हा लावू लागले आहेत.

हे बन आगीवरच जगते. पूर्वी विजा पडून आग लागे, तिथले मूळचे आदिवासी लोकही मुद्दाम लावीत. दर दोन-तीन वर्षांनी आग गवतातून निघून जाई. मोठ्या पाइनची साल जाड, त्याला काही होत नाही. मधली झुडपे तेवढी जळतात, आणि जमीन उन्हाला मोकळी राहते. पाइनचे रोप तर मोठे लबाड. पहिली काही वर्षे ते वाढतच नाही, नुसते गवताच्या झुपक्यासारखे जमिनीला धरून बसते. वरून बघणाऱ्याला वाटेल, हे कसले झाड होणार! आत मुळी मात्र खोल खोल जात असते. आग आली तर लांब सुया जळतात आणि मधला कोंब वाचतो. मग एक दिवस ते सरसर उंच होते. आजींनी मला असा एक झुपका दाखवला. मी त्याच्याजवळ बराच वेळ उभी राहिले.

आता साप. त्याला तिकडे पाइनसाप म्हणतात, लुइझियानाचा पाइनसाप. चार-पाच फूट लांब, पिवळसर अंगावर तपकिरी ठिपके. हा राहतो जमिनीखाली, आणि बिळे असतात गोफर नावाच्या प्राण्याची. गोफर म्हणजे आपल्या घुशीची तिकडची धाकटी जाऊ समजा. त्याच्या दोन्ही गालांना बाहेरून केसाळ पिशव्या असतात. मुळे तोडायची, पिशवीत भरायची, आणि बिळात नेऊन ठेवायची. गोफर मी पाहिला नाही, पण त्याने उपसलेले वाळूचे ढीग जागोजाग पाहिले. हा साप त्याच गोफरांना खातो आणि त्यांच्याच बिळांत राहतो. अजगरासारखा तो विळखा घालून मारणारा. पण बिळात विळखा घालायला जागा कुठली? म्हणून तो गोफराला बिळाच्या भिंतीशी दाबून धरतो. वर आग आली तरी हे महाशय खाली सुरक्षित. अंडी घालायची तीन ते पाच, पण एकेक अंडे लांबट वांग्याएवढे! त्या देशात दुसऱ्या कुठल्या सापाचे एवढे मोठे अंडे नाही. पिल्लू बाहेर पडते तेच हातभर लांब.

इतकी थोडी अंडी, म्हणजे हा वंश हळूहळू वाढणारा. एकदा घटला की चटकन भरून येत नाही.

घटला कसा, ते बघायला आम्ही एका रविवारी लाँगलीफ नावाच्या वस्तीला गेलो. गावाचे नावच त्या झाडावरून पडले आहे. तिथे लाकूड कापायची मोठी गिरणी होती. ती १९६९ साली बंद पडली, आणि आता तिचे संग्रहालय केले आहे. रुळांवरची वाफेची इंजिने, झाडे ओढून आणायची लोखंडी यंत्रे, सारे गंजून उभे आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशा गिरण्या त्या प्रांतात जागोजाग होत्या. त्यांनी डोंगरच्या डोंगर बोडके केले, आणि बऱ्याच जणी लाकूड संपताच गाशा गुंडाळून निघून गेल्या. याच लाँगलीफ गावच्या सापावरून १९२९ साली ऑलिव्ह ग्रिफिथ स्टल या बाईंनी ह्या जातीची पहिली शास्त्रीय नोंद केली. म्हणजे एकीकडे करवत चालू होती आणि दुसरीकडे एक तरुण बाई त्या सापाचे खवले मोजत होती.

दुसऱ्या बाईंचेही नाव सांगायला हवे, कॅरोलाइन डॉर्मन. ह्या शाळामास्तरीण होत्या. किसाचीच्या टेकड्यांवरचे उरलेसुरले पाइन वाचावेत म्हणून त्यांनी सरकारदरबारी अनेक वर्षे खेटे घातले, आणि १९३० साली ते राखीव जंगल झाले. पुरुषांच्या त्या खात्यात एका मास्तरणीचे कोण ऐकून घेत असेल, याची कल्पना तुम्हीच करा. आपण नळाला पाणी यावे म्हणून किती चकरा मारल्या, ते आठवा म्हणजे झाले.

पण जंगल राखले, आणि पुढे एक निराळीच चूक झाली. आग वाईट, असे ठरवून सगळीकडे आगी विझवायला सुरुवात केली. तोडलेल्या जागी लवकर वाढणाऱ्या दुसऱ्या पाइनची दाटीवाटीने लागवड केली. खाली सावली झाली. सावलीत गवत मेले. गवताची मुळे नाहीत म्हणून गोफर गेले, आणि गोफर गेले म्हणून साप गेला. कोणी त्याला हेतुपुरस्सर संपवले नाही. मला तर ऐकताना सारखे वाटत होते की यात प्रत्येकाने आपल्या परीने भलेच केले असेल.

आता तो लुइझियाना आणि शेजारचा टेक्सास यांच्या काही तुकड्यांत तेवढा तग धरून होता. एक तुकडा लष्कराच्या छावणीत, फोर्ट पोल्क म्हणतात तिथे. तोफांच्या सरावाने गवत पेटते, म्हणून तिथले माळ मोकळे राहिले! तोफेच्या आसऱ्याने साप जगावा, हे ऐकून मला हसावे की रडावे कळेना. सरकारच्या कागदावर हा साप विचारासाठी आला १९८२ साली, आणि धोक्यातल्या जातींच्या यादीत त्याचे नाव चढले २०१८ साली. छत्तीस वर्षे! सरकारी फाइल तिकडेही आपल्यासारखीच चालते.

मध्यंतरी मेम्फिस, फोर्ट वर्थ, लफकिन आणि न्यू ऑर्लिन्स इथल्या प्राणिसंग्रहालयांनी त्याची अंडी उबवून पिल्ले वाढवायला घेतली. २०१० पासून ती पिल्ले किसाचीच्या कॅटाहूला भागात सोडतात. जिथे आग लावून बन मोकळे केले आहे, तिथेच. शंभराहून अधिक सोडून झाली. प्रत्येकाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी खूण बसवलेली असते, म्हणून पुन्हा सापडला की ओळखता येतो. काही साप वर्षांनंतर जिवंत सापडले आहेत. मी विचारले, "पिंजऱ्यात वाढवता येतात तर आगीची एवढी यातायात कशाला?" आजी म्हणाल्या, "सोडणार कुठे मग?"

एके दिवशी आजी बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या आपणहून म्हणाल्या, लहानपणी त्यांच्या शेतात असा एक साप निघाला होता. गोफर रताळी खाऊन टाकीत, त्या मागे हा आला असणार. हा साप चिडला की फार मोठ्याने फुत्कारतो, शेपूट थरथरवतो. तिकडे खुळखुळ्या म्हणून विषारी साप आहे, तोच वाटला. आजींनीच हाक मारली, आणि वडिलांनी कुदळीने मारला. मग त्या म्हणाल्या, "त्यानंतर सत्तर वर्षे होत आली, मला दुसरा दिसला नाही."

बहिणीने ते मराठीत सांगितले. मी म्हटले, "त्यांना सांग, मीही एक मारवला आहे."

तुमच्यातल्या कितीतरी जणी त्या दिवशी अंगणात उभ्या होत्या. २०२२ चा पावसाळा, आमच्या लाकडांच्या खोपटात निघालेली ती लांबच लांब. आरडाओरडा मीच केला. गल्लीतल्या पोरांनी काठ्यांनी ठेचली, आणि मग गुरुजी आले नि म्हणाले, "अहो, ही धामण, उंदीर खाणारी." त्यानंतर पंधरा दिवसांनी नागपंचमी होती. मी पाटावर नाग काढला, दूध-लाह्या ठेवल्या, त्या दिवशी चिरले नाही की तळले नाही. दिवाळीपर्यंत उंदरांनी ज्वारीचे दीड पोते फस्त केले, ते मी कोणाला बोलले नाही. आज बोलते आहे.

आजींनी ऐकून घेतले. काही बोलल्या नाहीत, बाळाला माझ्या हातात दिले, आणि दुसऱ्या दिवशी मला त्या जळलेल्या तुकड्यावर घेऊन गेल्या. आगीला तीन आठवडे झाले असतील. खाली राख, झाडांची बुंध्यापाशी काळी साल, आणि राखेतून बोट-बोट हिरवे गवत सगळीकडे वर आलेले. वाळूचे दोन ताजे ढीगही होते. आजींनी काठीने दाखवले. मी खाली वाकून बिळाचे तोंड शोधू लागले, तर त्या हसल्या. गोफर ते आतून बुजवून घेतो म्हणे.

बहिणीचा परवाच फोन आला होता. बाळ आता धावते, आजी बऱ्या आहेत, गुडघे दुखतात. साप त्यांना अजून दिसलेला नाही.

आता शेवटचे, आणि ते आपल्या मंडळापुरते. तिकडे रस्त्याच्या कडेची माती वाहून जाऊ नये म्हणून प्लास्टिकच्या बारीक जाळीचे पट्टे अंथरतात. पाइनसाप त्यात अडकून मेल्याचे आढळले आहे. अर्धे अंग जाते, पुढे जाडी मावत नाही, आणि खवल्यांमुळे मागेही येता येत नाही. आपल्या मंडळाच्या मागच्या बागेला गेल्या वर्षी आपण शेळ्यांसाठी जी निळी जाळी घातली, ती तशीच आहे. गेल्या आठवड्यात फुले आणायला गेले तेव्हा कुंपणाशी धामणीची कात पाहिली. जाळीच्या जागी बाभळीच्या काट्यांचे कुंपण करता येईल. काटे आमचे हे शेतावरून आणून देतो म्हणाले आहेत. ठराव पुढच्या सभेत मांडीन म्हणते. पण तोवर पावसाळा लागेल. म्हणून अध्यक्षीणबाईंची परवानगी असेल तर जाळी मी उद्याच सोडवते. कात्री घरी आहे. कोणी एकजण दुसरे टोक धरायला आली तर बरे होईल.