काठमांडू आणि पोखरा

दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला निघालात, तर काठमांडू घाईत उरकू नका. हनुमानढोक्याच्या दरबार चौकात मल्ल राजांच्या काळातलं लाकडी कोरीवकाम आहे. प्रत्येक खिडकीपाशी थांबावंसं वाटतं. तिथलं काष्ठमंडप हे जुनं बांधकाम २५ एप्रिल २०१५च्या भूकंपात कोसळलं. ते पुन्हा उभं राहिलं तेही जुन्याच पद्धतीनं, लाकूड आणि विटांत. ते डोळे भरून पाहा.

तिथून सुमारे २०० किलोमीटरवर पोखरा. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ८०० मीटरवर, आणि समोर ६,९९३ मीटरचा माछापुच्छ्रे! फेवा तलावातल्या बेटावर ताल वाराहीचं देऊळ आहे, तिथं नावेनं जाता येतं. शिखराचं प्रतिबिंब पाहायचं असेल, तर वारा सुटण्याआधी, भल्या सकाळीच काठावर पोहोचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ असते, मात्र पहाटे स्वेटर लागतोच.