साखरेचा हिशेब

प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून ज्या साखरेने महाराष्ट्रातील कित्येक शेतकऱ्यांच्या दारी समृद्धी आणली, तिच्याविषयी कठोर शब्द उच्चारताना मन संकोचते; परंतु आरोग्याचा जमाखर्च मांडावयाचा तर तो चोखच मांडला पाहिजे.

साखर आतड्यात पोहोचताच तिची ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन शर्करांत फोड होते. पैकी ग्लुकोज रक्तावाटे सर्वांगास मिळते व स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन त्याचा बंदोबस्त करते. फ्रुक्टोजचा बहुतेक भार मात्र यकृतावर पडतो, आणि गरजेहून अधिक साखर नित्य पोटात जात राहिली, म्हणजे यकृत तिचे मेदात रूपांतर करू लागते, तो मेद तेथेच साचतो, इन्शुलिनचा अंमल शिथिल होतो, आणि मधुमेह व हृदयविकार यांना वाट मोकळी होते. दातांची हानी निराळीच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचविले, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ती ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम किंवा ६ चमच्यांच्या आत राहिल्यास अधिक हितावह. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या एकाच बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते! मधही याच हिशेबात धरावयाचा, आणि गुळाचीही त्यातून सुटका नाही.

तेव्हा उद्याच्या चहात एक चमचा साखर कमी घाला, आणि तहानलेल्या मुलाच्या हाती पाण्याचाच पेला द्या, एवढीच विनंती.