पुन्हा उघडता येईल असा सांधा



माझ्या हातात हा सागवानाचा तुकडा आहे. वीतभर लांब, एका टोकाला चपटी जीभ काढलेली. सुतार या जिभेला कुसू म्हणतात. समोरच्या लाकडात तिच्यासाठी कोरलेलं चौकोनी भोक म्हणजे साल. एकात दुसरं बसवायचं, आरपार एक लाकडी खुंटी ठोकायची, की झाला सांधा. खिळा नाही, गोंद नाही.

मी बडोद्याचा. घरात मराठी, कारखान्यात गुजराती आणि लाकूडबाजारात हिंदी बोलतो. जुन्या घरांतून निघालेल्या लाकडाचं फर्निचर बनवतो. हा तुकडा आमच्याच भागातल्या एका जुन्या घराच्या माडीचा आहे. ती माडी उतरवायला दोन माणसांना दीड दिवस लागला. त्यांनी खुंट्या उलट बाजूने ठोकून काढल्या, सांधे सैल केले, आणि तुळया, खांब, फळ्या एकेक करून खाली घेतल्या. एकही तुळई कापावी लागली नाही.

घरच्या काकू इंदूरला मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. मला म्हणाल्या, "घर तर जातंय. निदान माडीच्या लाकडाचा हिंचका तरी करून दे." बडोद्यात मराठी घरातही हिंचकाच म्हणतात. तुम्ही झोपाळा म्हणाल, नागपूरकर बंगई म्हणतील.

आता जुनं लाकूड हाती आलं की आम्ही काय करतो ते सांगतो. आधी चुंबक फिरवतो. आत राहिलेला एक खिळा रंध्याचं पातं खलास करतो. करवतीखाली आला तर डोळाही जाऊ शकतो. लोखंडाभोवती लाकूड काळंनिळं पडलेलं असतं, ती खूण शोधायची. मग तुळईची टोकं बघायची. भिंतीत गाडलेल्या टोकांना वर्षानुवर्षं ओल लागते. कूज आणि वाळवी सुरू होते ती तिथून. ती टोकं निर्दयपणे कापून टाकायची. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासायचा नाही, ओला करून खरवडायचा, तोंडावर मास्क लावून. रेल्वेच्या जुन्या स्लीपरना क्रिओसोट पाजलेलं असू शकतं. त्यांचं जेवणाचं टेबल किंवा पलंग मी करत नाही.

हे सगळं मी काकूंच्या लाकडाला केलं. मधलं लाकूड सुरेख निघालं. गच्च दोऱ्याचा, तेलकट गाभा. बागेत वीस-पंचवीस वर्षांत तोडलेल्या सागात असा गाभा कमी आणि बाहेरचं पांढरं, कच्चं लाकूड जास्त असतं. मी खूश होतो. तीन फळ्या जोडून दोन फूट रुंदीचा पाट केला. खाली दोन आडव्या पट्ट्या घट्ट चिकटवल्या, वर स्क्रू मारले. पॉलिश, पितळी कड्या, साखळ्या. ऑगस्टमध्ये, बडोद्याच्या भर पावसात, हिंचका इंदूरला गेला.

मे महिन्यात फोन आला. दुपारी फटाका फुटल्यासारखा आवाज झाला होता आणि पाट मधोमध तडकला होता. काकू नुकत्याच उठून देवापाशी गेल्या होत्या. मी दोन दिवस नीट झोपलो नाही.

चूक कुठे होती? आमच्या धंद्यात एक समज आहे, की जुनं लाकूड मेलेलं असतं, ते आता हलत नाही. हे खरं नाही. लाकूड कितीही जुनं असो, हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळपास बदलत नाही, रुंदीत बदलतं. पावसाळ्यातून माळव्याच्या उन्हाळ्यात गेलेला दोन फुटी पाट दीड-दोन सूत सहज आक्रसतो. फळ्या एकमेकींना चिकटवण्यात चूक नव्हती. पण आडव्या पट्ट्यांनी मी पाटाला जखडलं होतं. त्याला आक्रसायचं होतं, मी जागा ठेवली नव्हती.

खरी शिक्षा पुढे होती. पाट परत आला तेव्हा मला तो उघडताच येईना. पट्टी काढायला गेलो की गोंदाबरोबर लाकडाचे ढलपे निघायचे. शेवटी करवतीने कापलं, हाती उरल्या अरुंद पट्ट्या. ज्यांनी ती माडी बांधली त्यांचं काम मी दीड दिवसात सुटं करून पुन्हा वापरलं. माझं काम मात्र माझ्याच उपयोगाचं राहिलं नाही. माडीत पिढ्यान् पिढ्या टिकलेलं लाकूड माझ्या हाताखाली नऊ महिन्यांत वाया गेलं.

सागवान टिकतं, यात शंका नाही. मुंबईच्या गोदीत 1817 साली बांधलेलं ट्रिंकोमाली हे सागवानी जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगतं आहे, अनेक दुरुस्त्या पचवून. पण दुरुस्ती करता यावी लागते. नुसतं लाकूड चांगलं असून भागत नाही.

दुसरा पाट मी त्याच माडीच्या उरलेल्या तुळईतून केला. लाकूड दोन महिने कारखान्यात थप्पी लावून, मध्ये पट्ट्या ठेवून वाऱ्यावर सोडलं. पाटाच्या पोटात आडव्या खाचा काढल्या, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद. त्यांत पट्ट्या बाजूने सरकवल्या. गोंद नाही. प्रत्येक पट्टीला फक्त मधोमध एक लाकडी खुंटी. आता पाट दोन्ही बाजूंना मोकळा, हवा तेवढा फुगेल, हवा तेवढा आक्रसेल.

काकूंनी विचारलं, "आता नाही ना तडकणार?"

म्हटलं, "हलेल काकू, पण त्याला हलायला जागा आहे."

जुन्या लाकडाचं फर्निचर घेणाऱ्यांना मी दोनच गोष्टी सांगतो. ते उलटं करून खालून बघा. आणि सुताराला विचारा, "हे पुढे कधी उघडायचं झालं तर कसं उघडायचं?" ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला दोन पैसे जास्त द्या. अशा सांध्याला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणी मोजत नाही म्हणूनच आमच्यातले कितीतरी जण स्क्रूकडे वळले.

काकूंच्या हिंचक्याखालच्या दोन्ही खुंट्या मी एक सूत बाहेर ठेवल्या आहेत. वरून दिसत नाहीत. पुढच्या सुताराचा हात खालून फिरला, की त्याला कळेल कुठून ठोकायचं ते.